सड्यासाठी घेतलेली पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली : वीस महिन्यांनंतरचा अभिप्राय

देवगड तालुक्यातील आमच्या गावाने गेल्याच्या गेल्या वर्षी गणपती आटोपल्यावर गावच्या सामाईक जंगलासाठी आणि सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, गवताळ पट्ट्यासाठी एका सल्लागार संस्थेकडून पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली बसवून घेतली. या कामाचे पैसे ग्रामपंचायत आणि मुंबईच्या चाकरमान्यांचे मंडळ यांनी मिळून भरले, आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सचिव या नात्याने कागदपत्रांची सगळी उस्तवार माझ्या गळ्यात पडली. अशी सेवा घेतलेली गावे आपल्याकडे विरळाच असल्यामुळे करार करण्यापूर्वी अनुभव विचारावा असे आम्हांला कोणी सापडले नव्हते. पुढच्या गावाची ती अडचण थोडी तरी कमी व्हावी म्हणून हे लिहीत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या त्रुटी मी सांगणार आहे त्या एकट्या तिच्या नाहीत. कारखान्यांच्या अंगाने वाढलेली ही पद्धत जंगलाला जशीच्या तशी लावू पाहणाऱ्या कोणाकडेही त्या आढळतील.

आधी जमीन कशी आहे ते सांगितले पाहिजे. गावाच्या वरच्या अंगाला जांभ्याचा सडा आहे आणि सातबाऱ्यावर त्याचा बराचसा भाग गुरचरण, तर काही भाग पोटखराबा (लागवडीस अयोग्य) म्हणून लागलेला आहे. सड्याच्या उतारावर वनखात्याच्या ताब्यातला ऐन, किंजळ आणि करवंदीच्या जाळ्यांचा पट्टा आहे, आणि अगदी खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला देवरहाटी (देवराई) आहे, जिथली पडलेली फांदीसुद्धा देवाचा कौल घेतल्याखेरीज कोणी घरी नेत नाही. सड्यावर माती कुठे वीतभर, कुठे बोटभर, तर कुठे अजिबात नाही. मे महिन्यात परक्या माणसाला तो नुसता काळा कातळ दिसतो. पण पहिले पाऊस झाले की तिथे दीपकाडीची पांढरी फुले उभी राहतात, श्रावण-भाद्रपदात खळग्यांतल्या पाण्याच्या कडेने सीतेची आसवे आणि गेंदाचे गुच्छ दाटतात, आणि दसऱ्यापर्यंत गुडघाभर गवत पिकून तांबूस होते. हे गवत पूर्वी गुरांना आणि आंब्याच्या अढीला पुरत नसे. आता गोठे रिकामे झाले, कापणारे हात मुंबईला गेले, आणि उभे राहिलेले गवत फेब्रुवारीपासून वणव्याला आयते सरण होते. वणवा सड्यावरून उतरतो तो आधी जंगलात आणि मग काजूच्या बागांत. त्याशिवाय चिरेखाणींचे ट्रक, रानमोडी या परक्या तणाचा पसारा आणि रविवारच्या मेजवान्यांच्या बाटल्या आहेतच. एवढ्या सगळ्याची कोणीतरी नीट घडी बसवावी, हा आमचा साधा हेतू होता.

आता ही वस्तू काय आहे ते. पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली म्हटले की बहुतेक ठिकाणी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे आयएसओ १४००१ हे मानक अभिप्रेत असते. ते पहिल्यांदा १९९६ मध्ये आले, २००४ मध्ये सुधारले गेले, आणि आमच्याकडे जे बसवले ते २०१५ च्या आवृत्तीवर बेतलेले आहे. मानक तुम्हांला किती झाडे हवीत, किती धूर चालेल, असे काहीच सांगत नाही. तुमच्या कामांमुळे निसर्गावर काय परिणाम होतात ते तुम्हीच शोधा, त्यांतले महत्त्वाचे निवडा, त्यांच्यासाठी उद्दिष्टे ठरवा, काम करा, मोजा, चुकले असेल तर दुरुस्त करा आणि ठरलेल्या अंतराने जबाबदार माणसांनी एकत्र बसून आढावा घ्या, एवढीच त्याची मागणी असते. गावात एक गैरसमज पसरला होता तोही दूर करतो : प्रमाणपत्र आयएसओ ही संस्था स्वतः देत नाही. ते स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात आणि त्या संस्थांना आपल्या देशात एनएबीसीबी हे मंडळ अधिस्वीकृती देते. प्रमाणपत्राची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते आणि मधल्या काळात दरवर्षी तपासणी होते, जिचा खर्च अर्थातच आपल्याला करावा लागतो. आम्ही प्रमाणपत्राच्या वाटेला गेलो नाही, आणि त्याचा मला आजतागायत पश्चात्ताप झालेला नाही.

ग्रामसभेत संस्थेच्या प्रतिनिधींनी पडद्यावर अमेरिकेचे उदाहरण दाखवले होते. तिथल्या वन सेवेने २००५ च्या नियोजन नियमात प्रत्येक राष्ट्रीय वनासाठी आणि राष्ट्रीय गवताळ प्रदेशासाठी अशी प्रणाली सक्तीची केली, ही माहिती खरी आहे. त्यातली गवताची बाजू मला विशेष भावली. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेली शेते तिथल्या सरकारने विकत घेतली, त्यांवर पुन्हा गवत येऊ दिले, १९५४ मध्ये ती वन सेवेकडे सोपवली आणि १९६० मध्ये त्यांना राष्ट्रीय गवताळ प्रदेशांचा दर्जा दिला. आज असे २० प्रदेश आहेत. गवताला सार्वजनिक संपत्ती मानून त्यासाठी झाडांच्या जंगलाइतकीच काटेकोर व्यवस्था लावावी, ही कल्पना आमच्या सड्याला लागू पडणारी होती. मात्र गोष्टीचा उत्तरार्ध पडद्यावर आला नाही. तो मी घरी येऊन वाचला. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने तो नियम अडवला, कारण नियम करताना त्याच्या परिणामांचा कायद्याने आवश्यक असलेला अभ्यास झाला नव्हता आणि लोकांना मत मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती. २००८ मध्ये आलेला पुढचा नियमही २००९ मध्ये न्यायालयात टिकला नाही, आणि २०१२ च्या नियमातून ही सक्ती वगळली गेली. पुढच्या बैठकीत मी हे विचारले तेव्हा प्रतिनिधींनी प्रामाणिकपणे मान्य केले की त्यांचे सादरीकरण जुने आहे. आमच्यासाठी त्यातला बोध सरळ होता. प्रणाली अभ्यासाच्या जागी बसवायची नसते, आणि लोकांना विचारणे हा तिचा पहिला भाग आहे. पुढे वीस महिन्यांत जे बरेवाईट घडले ते बहुतेक याच दोन मुद्द्यांभोवती घडले.

सेवेतला सर्वांत चांगला भाग सुरुवातीलाच आला. संस्थेच्या दोन तरुण कर्मचाऱ्यांनी, त्यांतली एक वनस्पतिशास्त्राची पदवीधर होती, चार दिवस वाडीवाडीतल्या माणसांना बरोबर घेऊन सडा, जंगल आणि देवरहाटीची कड पायाखाली घातली. त्या चार दिवसांतून जी पैलूंची, म्हणजे निसर्गावर परिणाम करणाऱ्या कामांची, नोंदवही तयार झाली ती मी आजही कोणालाही अभिमानाने दाखवतो. तिच्यात पाच रकाने आहेत : काम कोणते, त्याने जमिनीचे काय होते, ते किती वेळा घडते, किती गंभीर आहे, आणि आपण काय करणार. चौथ्या पानावर चिरेखाणीच्या ट्रकांची नोंद आहे. पावसाळ्यात सड्यावरून ट्रक गेले की चाकोऱ्या पडतात, खळग्यात साठणारे पाणी त्या चाकोऱ्यांतून वाहून जाते, खळगा भाद्रपदाआधीच कोरडा पडतो आणि खालच्या वाडीच्या विहिरींना मुरणारे पाणी तेवढे घटते, असे तिथे लिहिलेले आहे. हे खालच्या वाडीतल्या बायका किती वर्षे सांगत होत्या. कागदावर, नकाशातल्या जागेसह, ते प्रथमच उतरले.

गंभीरतेला एक ते पाच आणि वारंवारतेला एक ते पाच असे गुण देऊन गुणाकार करायचा, अशी रीत होती. ही रीत किती उपयोगी आणि किती फसवी असू शकते हे राब भाजण्याच्या, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळण्याच्या, नोंदीवरून कळले. कर्मचाऱ्यांनी त्यांच्या तक्त्याप्रमाणे 'उघड्यावर जाळणे' या सदरात राबाला वीस गुण दिले, म्हणजे वणव्याच्या जवळपास नेऊन बसवले. त्यावर देवळात बसलेल्या जुन्या जाणत्यांनी सांगितले की भाजावळ आपल्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात), वारा पडलेला असताना, घरचे माणूस उभे राहून करते, आणि आठवतात तेवढ्या वर्षांत राबातून सड्यावर आग गेल्याची गोष्ट एकच आहे. वणवे लागतात ते बागेच्या कडेचे गवत भर दुपारी पेटवून माणूस जेवायला गेल्यावर, वीजतारा एकमेकींना घासून ठिणग्या पडल्यावर, किंवा जाळले की कोवळे गवत चांगले फुटते या समजुतीने कोणी मुद्दाम इस्तव टाकल्यावर. तासभर वाद झाला आणि राबाचे गुण सहावर आले, बागेच्या कडेचे पंचवीसवर गेले. कर्मचाऱ्यांनी हा बदल बिनतक्रार स्वीकारला आणि नोंदीखाली बदलाचे कारणही लिहिले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. केवळ कार्यालयात बसून भरलेली नोंदवही असती तर आम्ही पुढची दोन वर्षे भलत्याच शेतकऱ्याच्या मागे लागलो असतो.

यानंतर आली ती नियमपुस्तिका, आणि तिच्याबद्दल मला एवढे चांगले बोलता येणार नाही. १४२ पानांचे हे बाड कोणत्यातरी कारखान्याच्या पुस्तिकेवरून उतरवलेले होते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जबाबदाऱ्यांच्या तक्त्यात सरपंच, समितीचे अध्यक्ष आणि वनरक्षक यांच्या खाली 'सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा प्रचालक' असे पद तसेच राहिलेले होते. आमच्या सड्यावर सांडपाणी म्हणायचे तर गुरांचे! ही चूक हसण्यावारी नेता आली असती, पण त्याच पुस्तिकेत आणीबाणीच्या प्रकरणाला रसायन सांडण्यावर दीड पान आणि वणव्यावर चार ओळी होत्या. मानकात फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी भर पडली आहे की हवामानबदल हा आपल्या कामाशी संबंधित मुद्दा आहे का, हे प्रत्येकाने तपासावे. त्या जागी आमच्या पुस्तिकेत 'होय, संबंधित' एवढे दोनच शब्द आढळतात. ज्या गावाला जूनमधला पाऊस लांबला तर टँकर मागवावा लागतो, तिथे या मुद्द्यावर एखादा परिच्छेद लिहायला हरकत नव्हती.

कायद्यांच्या यादीचीही तीच गत. घातक कचऱ्यापासून बॅटऱ्यांपर्यंतचे नियम तिच्यात होते. २००६ चा वनहक्क कायदा मात्र नव्हता. सार्वजनिक जंगलासाठी प्रणाली बसवणाऱ्याने नेमका तोच विसरावा, याला काय म्हणावे? त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक वनसंपदेचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे आणि पाचव्या कलमात ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचे अधिकार दिलेले आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यातले ४१ वे कलम, ज्याखाली आमची समितीच अस्तित्वात आली, तेही आम्हीच घालायला लावले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे ७९ वे कलम तर मी स्वतः मराठीत लिहून देवळाच्या फळ्यावर लावले, कारण जंगलात हक्काने चारा किंवा लाकूडफाटा घेणाऱ्याने आग दिसल्यास कळवणे आणि ती विझवायला मदत करणे हे कायद्याने बंधनकारक आहे, हे गावात फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तीन आठवड्यांनी सुधारित यादी आली. ती बरी आहे.

खरा खटका उडाला तो उद्दिष्टांवर. संस्थेने पहिल्या वर्षासाठी सुचवलेल्या उद्दिष्टांत क्रमांक एकला 'पडीक सड्यावर पाच हजार रोपांची लागवड' असे होते. रोपे अकेशिया आणि गिरिपुष्पाची, आणि खड्डे जेसीबीने. आपल्याकडे मोकळी जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन ही समजूत महसुली कागदापासून शाळेच्या निबंधापर्यंत इतकी रुजलेली आहे की यात संस्थेला एकटीला दोष देता येत नाही. परंतु आठ दिवसांपूर्वीच त्यांच्याच कर्मचाऱ्यांनी केलेल्या नोंदवहीत त्या जागेवर दीपकाडीच्या तीन जागा आणि सीतेच्या आसवांचे सात खळगे टिपलेले होते. दीपकाडी केवळ कोकण-गोव्याच्या जांभ्याच्या सड्यांवर उगवणारी वनस्पती आहे. जगात दुसरीकडे ती निसर्गतः सापडत नाही. तिच्या कंदाला लागणारा पातळ मातीचा ओला थर जेसीबीच्या एका घावात जातो, आणि वर अकेशियाची सावली व न कुजणारा पाला पडला की उरलेसुरलेही संपते. शिवाय ज्या सड्यांना माणसे ओसाड म्हणत होती त्यांच्यावरच कातळशिल्पे सापडली, आणि मालवण तालुक्यातल्या कुडोपीसह कोकणातल्या काही कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. कोणत्या मातीखाली काय आहे हे पाहिल्याशिवाय खड्डे मारणे आमच्या बाजूला तरी शहाणपणाचे नाही.

या बैठकीत गुरे राखणाऱ्या एका काकीने जे विचारले ते मी इतिवृत्तात जसेच्या तसे लिहिले आहे : "झाडा लावलास तर गवात खय येतला? गुरांका काय अकेशियाचो पालो घालतलास?" संस्थेचे वरिष्ठ सल्लागार, जे त्या दिवशी पहिल्यांदाच गावात आले होते, त्यांना मालवणी कळत नव्हती, त्यांच्या सहकारी तरुणीने अर्थ सांगितला तेव्हा ते काही वेळ गप्प बसले. शेवटी ते उद्दिष्ट रद्द झाले. त्याऐवजी तीन उद्दिष्टे लिहिली गेली : दिवाळीनंतर सड्याच्या कडेने वीस फूट रुंदीच्या पट्ट्यातले गवत कापून उचलणे, देवरहाटीच्या कडेची रानमोडी फुलोऱ्यावर येण्यापूर्वी मुळासकट काढणे, आणि ट्रकांना सड्यावरचा एकच रस्ता ठरवून देऊन बाकी ठिकाणी गडगे (दगडी बांध) घालणे. तिन्ही मोजता येण्याजोगी आहेत आणि तिन्हींना रोपवाटिकेचे बिल लागत नाही. रोपवाटिकेचा उल्लेख मी उगाच करत नाही, पण त्याविषयी अधिक लिहीतही नाही.

वणव्याची तयारी हा या सेवेचा सर्वाधिक जाहिरात केलेला भाग होता, आणि त्यातला सर्वांत उपयोगी तुकडा फुकट मिळणारा निघाला. डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने जंगलातल्या आगींवर लक्ष ठेवते, आणि आपला मोबाइल क्रमांक व क्षेत्र नोंदवले की इशारा संदेशाने येतो. संस्थेने समितीच्या सहा जणांची नोंदणी करून दिली. ती कोणीही स्वतः करू शकतो. मात्र या इशाऱ्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे आणि ती संस्थेने सांगितली नव्हती. उपग्रहावरच्या जुन्या मोडिस उपकरणाचा एक ठिपका जमिनीवर एक किलोमीटर लांब-रुंद असतो, नव्या व्हिअर्सचा ३७५ मीटर. म्हणजे उत्तम स्थितीतही सुमारे १४ हेक्टरांच्या चौकोनात कुठेतरी आग आहे एवढेच कळते. शिवाय हे उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात, व्हिअर्सवाले दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. चारच्या वाऱ्यावर पेटलेले सड्यावरचे गवत पाच-साडेपाचला जळून काळे झालेले असते. मोठ्या जंगलात दिवसेंदिवस धुमसणाऱ्या आगीसाठी ही सेवा अमूल्य आहे. गवताच्या आगीसाठी पाणंदीतून धावत येणारे पोर अजूनही अधिक जलद आहे.

पहिल्या वर्षीच्या मार्चमध्ये नेमके तसेच झाले. सड्याच्या दक्षिण टोकाला धूर दिसला, पोरांनी हाळी घातली, आणि पुस्तिकेतल्या आणीबाणीच्या प्रकरणाप्रमाणे मी घटनेचा फॉर्म शोधू लागलो, ज्यात वाऱ्याची दिशा, सापेक्ष आर्द्रता आणि 'घटनेचे वर्गीकरण' असे एकोणीस रकाने होते. शेजारच्या दादांनी माझ्या हातातली फाइल पाहिली आणि विचारले, "आधी आग इझवची काय आधी फॉर्म भरूचो?" मी फाइल ओट्यावर टाकली आणि निघालो. वर गेल्यावर कळले की पुस्तिकेप्रमाणे विकत घेतलेले, आग झोडपून विझवायचे लांब दांड्याचे बारा झोडपे ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलपात आहेत आणि किल्ली शिपायाकडे आहे, जो त्या दिवशी बहिणीकडे कणकवलीला गेलेला. मग नेहमीप्रमाणे ऐन-किंजळीचे ओले टाळे तोडून, तोंडाला पंचे बांधून माणसांनी आग झोडपली. पायाखालचा कातळ इतका तापला होता की चपलेचा रबर चिकटत होता. उताराच्या जंगलाची वरची कड आणि एकाची चाळीसेक काजूची झाडे गेली.

असे प्रसंग गावात नवे नाहीत. दरवर्षी ते घडतात आणि पावसाबरोबर विसरले जातात. या वेळी विसरले गेले नाहीत, आणि त्याचे कारण ही प्रणालीच आहे. मानकात अंतर्गत लेखापरीक्षणाची अट आहे : जे काम करतात त्यांनीच स्वतःचे काम तपासायचे नाही. संस्थेने त्यासाठी दुसऱ्या वाडीतल्या बचत गटाच्या दोन महिलांना दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले होते. मी हे प्रशिक्षण निव्वळ उपचार समजत होतो. एप्रिलमध्ये त्या दोघी वही घेऊन आल्या, त्यांनी झोडपे पाहायला मागितले, शिपायाची वीस मिनिटे वाट पाहिली, आणि माझ्यासमोर वहीत लिहिले : 'साधने आहेत. आगीच्या वेळी मिळत नाहीत. कारण किल्ली एका माणसाकडे. दुसरी किल्ली नाही.' मग त्यांनी मला विचारले की आग लागली तर कोणाला फोन करायचा तो क्रमांक भिंतीवर का नाही, आणि घटनेच्या फॉर्मवर एकोणीस रकाने कोणी ठरवले. सचिव म्हणून मला तिथे बसून उत्तरे द्यावी लागली आणि ती देता आली नाहीत. एक लाखाच्या आसपास झालेल्या एकूण खर्चातला कोणता भाग वसूल झाला असे कोणी विचारले तर मी त्या वहीतल्या चार ओळी दाखवीन.

त्यावर झालेली दुरुस्ती अगदी साधी होती. झोडपे कुलपातून काढून वाडीवाडीच्या किराणा दुकानांच्या पडवीत टांगले, एकोणीस रकान्यांचे पाच केले (कुठे, केव्हा, कोणी पाहिले, कशामुळे, किती गेले), आणि तो फॉर्म आग विझल्यावर तीन दिवसांच्या आत भरायचा असे ठरले. दिवाळीनंतर कडेच्या पट्ट्यातले गवत कापायला माणसे मिळेनात, तेव्हा कापील त्याचे गवत असा निर्णय ग्रामसभेने घेतला आणि दोन आंबा बागायतदारांनी अढीसाठी म्हणून बराचसा पट्टा मोकळा केला. उरलेल्या भागात वनखात्याच्या माणसांबरोबर जानेवारीत जाळरेषा घेतली, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून काढला. या वर्षी फेब्रुवारी ते मे या काळात सड्यावर तीनदा आग लागली. दोनदा ती कापलेल्या पट्ट्यापाशी येऊन थांबली आणि एकदा, जिथे पट्टा अर्धवट राहिला होता तिथून, जंगलात उतरली. ही तिसरी आग नोंदवहीत आहे, आणि पट्टा अर्धवट राहण्याचे कारणही आहे : ती जागा कोणत्या वाडीची यावर दोन महिने एकमत झाले नव्हते.

आता व्यवहाराच्या गोष्टी. ठरलेले शुल्क ऐंशी हजार होते. प्रवास, छपाई आणि 'अतिरिक्त भेटी' धरून ते वर सांगितल्याप्रमाणे लाखाजवळ गेले, म्हणून करारातच भेटींची संख्या लिहून घ्यावी. वरिष्ठ सल्लागार वीस महिन्यांत दोनदा आले. काम खरे तरुण कर्मचाऱ्यांनी केले आणि चांगले केले, पण त्यांतली वनस्पतिशास्त्राची मुलगी वर्षभरात नोकरी सोडून गेली व तिच्या जागी आलेल्या गृहस्थांना गेंद आणि गवत यांतला फरक सांगण्यात आमचा एक दिवस गेला. सर्वांत मोठी तक्रार म्हणजे नियमपुस्तिका आणि नोंदवही आम्हांला केवळ पीडीएफ स्वरूपात, प्रत्येक पानावर संस्थेच्या बोधचिन्हासह मिळाली. एक ओळ बदलायची तरी त्यांच्याकडे जावे लागते. माहिती आमच्या सड्याची, आमच्या माणसांनी सांगितलेली, आणि बदलण्याचा हक्क मात्र दुसऱ्याकडे, हे बरोबर नाही. मूळ फाइल मागणारी तीन पत्रे पाठवली आहेत. 'वरिष्ठांशी चर्चा करून कळवतो' एवढे एकदा उत्तर आले. दरम्यान बचत गटातल्या एका मुलीने सगळी नोंदवही हाताने वहीत उतरवून काढली आणि आता आम्ही तीच वापरतो.

ही सेवा घ्यावी का, असे शेजारच्या दोन गावांनी मला विचारले आहे. ज्या गावात गुरचरणाच्या हद्दीवरूनच भांडण चालू आहे, किंवा जिथे ग्रामसभेला पन्नास माणसेही जमत नाहीत, तिथे हे पैसे पाण्यात जातील. जिथे समिती जिवंत आहे तिथे पूर्ण संच न घेता पैलूंची नोंदवही आणि लेखापरीक्षकांचे प्रशिक्षण एवढेच मागावे. बाकीचे पुस्तक गावाला स्वतः वीस पानांत लिहिता येते. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर क्षेत्रभेटींना साडेचार, लेखापरीक्षणाच्या प्रशिक्षणाला पाच, पुस्तिकेला एक, आणि नंतरच्या सेवेला दीड देईन.

गेल्या महिन्यातल्या आढावा बैठकीत समितीने करार पूर्ण स्वरूपात पुढे न चालवता वर्षातून दोन दिवसांची क्षेत्रभेट तेवढी घ्यायची, तीही मूळ फाइल हाती आल्यावरच, असे ठरवले आहे. अर्धवट राहिलेला पट्टा दोन वाड्यांनी निम्मा-निम्मा वाटून घेतला असून वाटणीची खूण म्हणून चिऱ्यांचा गडगा घातला आहे. काल संध्याकाळी पहिल्या पावसानंतर त्या गडग्यापाशी गेलो होतो. नोंदवहीतल्या दीपकाडीच्या तीन जागांपैकी दोन फुललेल्या दिसल्या. तिसऱ्या जागेवरून ट्रकची ताजी चाकोरी गेलेली आहे, आणि तिची नोंद क्रमांक ४७ म्हणून केली आहे.